मैदानावरचे आडनाव

शाळेच्या संघाची निवड चालू आहे. मुले रांगेत उभी आहेत. शिक्षक वही उघडून विचारतात, "नाव काय?" मुलगा नाव सांगतो. "पूर्ण नाव सांग. आडनाव? राहतोस कुठे?" यात कोणाला दुखवण्याचा हेतू नसतो, यादी करायची असते, एवढेच. आमच्या नागपुरातील सक्करदऱ्याच्या मैदानांवर काय किंवा राज्यातील इतर शाळांत काय, हे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु आपल्याकडे आडनाव आणि वस्ती सांगणे म्हणजे पुष्कळदा जात सांगणेच असते. पाच मिनिटांनी हीच मुले धावणार आहेत. या प्रश्नाचा त्यांच्या खेळावर काही परिणाम होत असेल का?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. तो प्रयोगाने तपासता येतो.

कोड्यांचा प्रयोग

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सहा जणांच्या गटात तीन मुले उच्च मानलेल्या जातींतील व तीन दलित होती. जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळणार होते. काही गटांत जातीचा उल्लेखच झाला नाही. तेथे दोन्हीकडच्या मुलांची कामगिरी सारखी निघाली. इतर गटांत मात्र सुरुवातीलाच प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली गेली. तेथे दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या स्पष्टपणे घटली. हे निष्कर्ष २००४ व २००६ साली प्रसिद्ध झाले.

कोणत्या मुलाला कोणत्या पद्धतीच्या गटात घालायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवलेले होते. त्यामुळे एका बाजूला हुशार मुले गोळा झाली, असे म्हणता येत नाही. मुले तशीच होती, कोडी तशीच होती. फरक होता तो फक्त त्या जाहीर वाचनाचा.

खेळातील प्रयोगही असेच काही सांगतो. जेफ स्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय विद्यार्थ्यांना गोल्फचा चेंडू खळग्यात घालण्याचे काम दिले. ही 'खेळातील बुद्धी'ची चाचणी आहे असे सांगितले, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. तीच चाचणी 'जन्मजात शारीरिक क्षमते'ची आहे असे सांगितले, तेव्हा गौरवर्णीय मागे पडले. प्रत्येक गट नेमका तेथेच अडखळला, जेथे त्याच्याविषयी समाजात कमीपणाचा समज आहे.

असे का होते? एक कारण लक्षाचे आहे. 'माझ्याकडे कसे पाहत असतील' या विचारात लक्षाचा काही भाग खर्च झाला, की हातातल्या कामाला तो कमी पडतो. दुसरे कारण विश्वासाचे. निवाडा आपल्याला न्याय देणार नाही असे वाटले, की माणूस जीव तोडून प्रयत्न करत नाही. हा परिणाम सर्वत्र सारखा दिसतो असे मात्र नाही. नंतरच्या काही मोठ्या चाचण्यांत तो फार लहान आढळला किंवा आढळलाच नाही. म्हणून 'आडनाव विचारले की खेळ बिघडतो' असा सरधोपट नियम करू नये. पण निवडीच्या दिवशी दिसलेली कामगिरी म्हणजे मुलाची उपजत क्षमताच, असे समजणेही तितकेच चुकीचे आहे.

प्रतिभा आणि संधी

येथे कोणी पाळवणकर बाळूंचे उदाहरण देईल. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. मग खरी प्रतिभा अडून राहत नाही, असे म्हणावे का?

नीट पाहिले तर तसे दिसत नाही. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात नोकरी करताना बाळूंना तासन्‌तास गोलंदाजीचा सराव मिळाला. त्यांच्या गोलंदाजीची गरज म्हणून हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू चालत होता, पण चहा मात्र त्यांना वेगळ्या भांड्यात मिळत असे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. बळी मोजता येतात, म्हणून ते नाकारता आले नाहीत. नेतृत्वाची पात्रता मात्र दुसऱ्यांच्या मतावर ठरत होती.

अलीकडचे उदाहरण आमच्या गावचे आहे. २००१ साली येथील हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतील मुले भर पावसात फुटक्या बादलीलाच चेंडू करून खेळताना दिसली. त्यांनी अशा मुलांसाठी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्लम सॉकर'ला २०१६ साली फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि २०२२ साली 'झुंड' या चित्रपटामुळे हे काम घरोघरी पोचले. ही मुले आधी कोणत्याही संघात नव्हती, ती खेळता येत नव्हते म्हणून नव्हे. निवडीच्या मैदानापर्यंत त्यांना वाटच नव्हती.

संघ कसे पाडावेत?

मुले एकत्र खेळली की भेद आपोआप मिटतात, असे आपण म्हणतो. मॅट लो या संशोधकाने हे तपासण्यासाठी २०१७ साली उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या स्पर्धाच भरवल्या. वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांचा त्यांनी अभ्यास केला. संघ कसे पाडायचे ते चिठ्ठीने ठरवले. एका संघात एकत्र खेळलेल्यांमध्ये जातीपलीकडची मैत्री वाढली. दुसऱ्या जातीचे लोक केवळ प्रतिस्पर्धी म्हणून समोर आले, तेथे परस्परसंबंध उलट कमी झाले. म्हणजे या वस्तीचा संघ विरुद्ध त्या वस्तीचा संघ, अशी रचना निरुपद्रवी नसते.

प्रशिक्षकाच्या वागण्याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचे काही तासांचे शिबिर घेतले. चांगल्या प्रयत्नाला दाद द्यावी, चूक झाल्यास धीर देऊन दुरुस्ती सांगावी, टाकून बोलू नये, एवढाच त्याचा गाभा. १९९२ सालच्या एका पाहणीत शिबिर न केलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतील २६ टक्के मुलांनी पुढच्या वर्षी खेळ सोडला. शिबिर केलेल्यांच्या संघांत हे प्रमाण ५ टक्के होते. स्वतःविषयी कमी विश्वास असलेल्या मुलांना अशा प्रशिक्षकांचा सर्वाधिक लाभ झाला.

आपण काय करू शकतो?

यादी हजेरीपटावरून आधीच करून ठेवावी. मैदानावर फक्त पहिले नाव पुरे. दोन पुढाऱ्यांना गडी निवडायला लावू नये. त्यात शेवटी उरणारी मुले बहुधा तीच ती असतात. संघ चिठ्ठीने पाडावेत आणि कर्णधारपद पाळीपाळीने द्यावे. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मुलाचा सराव हलका ठेवता येतो. मुलींना अंगभर कपड्यांत खेळण्याची मुभा देता येते. 'रोज दूध-अंडी खा' असे सांगण्याआधी घरी काय शिजते ते जाणून घेता येते. या सवलती नव्हेत. सर्वांची कसोटी सारखी व्हावी यासाठीची ही तयारी आहे.

आणि एक छोटा प्रयोग. स्मिथ व स्मोल यांना असे आढळले, की आपण मुलांशी कसे वागतो याचा प्रशिक्षकांचा स्वतःचा अंदाज बराच चुकतो; मुलांचा अंदाज अधिक बरोबर असतो. तेव्हा नववी-दहावीच्या एखाद्या विद्यार्थ्याला वही द्या. आठवडाभर आपण शाबासकी कोणाला दिली, चूक कोणाला समजावली, कोणावर नुसते ओरडलो, आणि कोणाशी एक शब्दही बोललो नाही, याच्या खुणा त्याला करू द्या. शनिवारी बेरीज करा. जी नावे कोरी राहतील, त्यांची आडनावे मग आपण स्वतःच पाहावीत.