गाडीचे ब्रेक करकरतात तेव्हा...

मिक्सर नेहमीपेक्षा जरा वेगळा घरघरला, तरी आपण लगेच बटण बंद करतो. कुकरची शिट्टी अडली, तर हातातलं काम टाकून ओट्याकडे धावतो. पण दारातली गाडी रोज ब्रेक दाबताना खरखर करते, तिच्याकडे मात्र ‘हे बघतील रविवारी’ म्हणून सरळ कानाडोळा! मैत्रिणींनो, मुलांना शाळेत सोडायला आणि बाजाराला आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः गाडी घेऊन जातात. मग तिची कुरकुर आपल्याला कळायला नको का?

आवाज ओळखा

रात्री पाऊस झाला आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांना खरखर होऊन थांबली, तर घाबरू नका. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, गंजाचा पातळ थर धरतो. तो घासून निघून जातो. ब्रेक न दाबताही सारखं घासत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात एखादा खडा अडकलेला असू शकतो.

ब्रेक दाबला की बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो, ती सूचना समजा. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारी जी पॅड असतात, त्यांतल्या पुष्कळांना पत्र्याची एक लहानशी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजत आलं की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. याकडे दुर्लक्ष झालं, की मग येते ती जाडीभरडी करकर आणि पायाला जाणवणारी थरथर. याचा अर्थ पॅडवरचा मसाला संपला आणि लोखंडावर लोखंड घासतंय. गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, डिस्कवर चरे पडतात. अशा गाडीत मुलांना बसवून बोरघाट काय नि खंबाटकी काय, काहीही उतरायचं नाही. मेकॅनिकलाच घरी बोलवा.

घरच्या घरी तपासणी

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढची पॅड पाहणं फारसं अवघड नाही. गाडी सपाट, टणक जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावा. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट थोडे सैल करा, मगच पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं किंवा हात घालायचा नाही, हे मात्र देवाघरच्या दिव्यासारखं लक्षात ठेवा! काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवावं. जॅक सुटलाच तर गाडी त्यावर टेकते.

आता टॉर्चने आत बघा. पॅडच्या मागच्या पत्र्याची जाडी धरू नका, त्यावरचा मसालाच पाहा. नव्याला तो साधारण १० मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायला झालं. बाहेरचं पाहिलंत तसं आतलंही पाहा, कारण कधीकधी आतलं जास्त झिजतं. डिस्क गार झाल्यावर तिच्यावरून नख फिरवा; खोल चरे असतील तर ते अडकतं. तिथली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्या.

बदलताना

घरात जाणता माणूस आणि योग्य पाने असतील, तर पॅड घरीही बदलता येतात. पहिल्यांदा मात्र माहितगार शेजारी असूद्या. दोन्ही पुढच्या चाकांची पॅड एकाच वेळी बदलायची. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, सुतळीने वर बांधा. आतला दट्ट्या मागे ढकलताना बाटलीतलं ब्रेक ऑइल वर येतं, तिच्यावर लक्ष ठेवा. सांडलं तर गाडीचा रंग जातो. पॅडला तेल किंवा ग्रीसचा बोटसुद्धा लागता कामा नये. नट समोरासमोरचे आवळा. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी हलवण्याआधी ब्रेक घट्ट लागेपर्यंत पाय पुन्हा पुन्हा दाबा. हे विसरलं, तर पहिला ब्रेक थेट तळाशी जातो! मग गल्लीत हळूहळू चालवून बघा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणं टाळा.

पायाखाली ब्रेक स्पंजासारखा लागतो, हळूहळू खाली जातो, गाडी एका बाजूला ओढते, चाकाजवळ ओल दिसते, यांतलं काहीही असेल, किंवा काम मागच्या ड्रमचं असेल, तर घरी हात लावायचा नाही. ते गॅरेजचंच काम.

गॅरेजमध्ये

माझ्या ओळखीच्या एका बाईंना पॅडबरोबर दोन्ही डिस्क आणि कॅलिपरही बदलायला सांगितलं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, “डिस्कची जाडी माझ्यासमोर मोजा बरं.” डिस्कवर किंवा पुस्तिकेत कमीत कमी किती जाडी हवी तो आकडा दिलेला असतो. मोजली, तर भरपूर शिल्लक होती, चरेही नव्हते. काम नुसत्या पॅडवर भागलं. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. प्रश्न नेमका होता, एवढंच.

तुम्हीही जुनी पॅड परत मागून घ्या, बिलावर काय काय बदललं ते लिहून घ्या. हिशेबाच्या वहीत गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहितो ना, त्याच पानावर पॅड बदलल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा. आणि सुट्टीत गावी निघण्याआधी आठवडाभर तरी पॅड पाहून घ्या; निघायच्या दिवशी सकाळी नव्हे.