एका चंबूतील दोन वंश

एकाच अन्नावर उपजीविका करणाऱ्या दोन जाती एकाच ठिकाणी फार काळ एकत्र नांदू शकत नाहीत. त्यांपैकी जी किंचितही सरस असेल ती कालांतराने दुसरीस नामशेष करते, असा एक नियम जीवशास्त्रात सांगितला जातो. रशियन शास्त्रज्ञ गाउझे यांनी पॅरामीशियम या एकपेशीय प्राण्यावर केलेले आपले प्रयोग १९३४ साली ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्याच नावाने हा नियम ओळखला जातो. तो तर्काला धरूनही आहे. लाभ शेकडा एक इतका अल्प असला, तरी पिढ्यान्‌पिढ्या तो साठत जातो आणि अखेरीस दुर्बळाचा मागमूस उरत नाही. मग एकाच चंबूत, एकाच शर्करेवर वाढणाऱ्या जीवाणूंचे दोन वंश हजारो पिढ्या शेजारी शेजारी टिकले, ते कसे?

हा प्रश्न ज्या प्रयोगातून उद्भवला, तो रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेत सुरू केला. पुढे तो मिशिगन राज्य विद्यापीठात गेला, आणि २०२२ साली ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात हलविण्यात आला. त्याची रचना अगदी साधी आहे. एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूचे १२ समुदाय १२ चंबूंत वाढविले जातात. प्रत्येक चंबूत १० मिलिलिटर पोषक द्रव असतो, आणि त्यात ग्लुकोज शर्करा मुद्दामच तुटपुंजी, लिटरमागे अवघी २५ मिलिग्रॅम, घातलेली असते. काही तासांत ती संपते व उरलेला दिवस जीवाणूंना उपाशी काढावा लागतो. दुसऱ्या दिवशी द्रवाचा शंभरावा भाग ताज्या द्रवात सोडावयाचा, एवढेच काम. शंभरपट वाढ होण्यास पेशी साडेसहा वेळांहून थोड्या अधिक दुभंगाव्या लागतात. म्हणजे दिवसाकाठी तितक्या पिढ्या होतात. दर ५०० पिढ्यांनी प्रत्येक समुदायाचा नमुना उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात. हे जीवाणू पुन्हा जिवंत करता येतात, त्यामुळे पूर्वज आणि वंशज यांची प्रत्यक्ष झुंज लावता येते. इतिहासकारांना अशी सोय कोठून लाभावी!

या १२ समुदायांपैकी एकात, सुमारे ६,५०० पिढ्यांच्या सुमारास, आगरच्या थाळीवर दोन प्रकारच्या वसाहती दिसू लागल्या: काही मोठ्या, काही लहान. मोठ्या वसाहतींचा वंश ग्लुकोजवर अधिक वेगाने वाढतो. मग लहान वंश नाहीसा का झाला नाही? डॅनियल रोझेन आणि लेन्स्की यांनी २००० साली याची उकल मांडली. दोन्ही वंश निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून पाहता असे आढळले की, जो वंश संख्येने विरळ असेल त्याची सरशी होते, आणि तोच बहुसंख्य झाला की त्याचा लाभ ओसरतो. तराजूचे जे पारडे वर जाईल तेच पुन्हा खाली यावे, तसा हा प्रकार होय.

याचे कारण चंबूतच दडलेले आहे. ग्लुकोज घाईने फस्त करताना मोठा वंश ॲसिटेटसारखे अर्धवट वापरलेले पदार्थ बाहेर टाकतो, आणि त्यांवर लहान वंशाचे चांगले भागते. शिवाय उपासमारीच्या काळात मोठ्या वंशाच्या पेशी अधिक मरतात. लहान वंश तग धरतो व मेलेल्यांच्या अवशेषांवरही पोसला जातो. शर्करा आपण एकच घातली होती हे खरे. परंतु जीवाणूंनी स्वतःच दुसरे अन्न निर्माण केले, आणि एका दिवसाचे दोन ऋतू झाले. गाउझेचा नियम येथे मोडला नाही. ‘एकच अन्न’ ही आपली समजूत तेवढी चुकली.

अशा स्थितीस ‘सहजीवन’ म्हणण्याचा मोह भाषांतरकारास होतो. तो आवरलेला बरा, कारण येथे सख्य कसलेच नाही. दोन्ही वंशांत नवी उत्परिवर्तने होत राहिली, त्यांचे परस्पर-प्रमाण वरखाली होत राहिले, आणि तरीही ४०,००० पिढ्यांच्या पुढेपर्यंत दोघेही हयात होते. हा अपवाद असावा असे प्रारंभी वाटे. परंतु २०१७ साली ६०,००० पिढ्यांच्या नमुन्यांतील जनुकद्रव्याचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा १२ पैकी ९ समुदायांत दीर्घकाळ एकत्र राहिलेले वंश आढळून आले.

मात्र असा समतोल सदैव टिकतोच असे नाही. आणखी एका समुदायात सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एक नवलच घडले. द्रवात पहिल्यापासून असलेले, पण प्राणवायूच्या सान्निध्यात या जीवाणूंना वापरता न येणारे सायट्रेट खाणारा वंश तेथे उदयास आला. जुना ग्लुकोजखाऊ वंश त्याच्यासोबत १०,००० हून अधिक पिढ्या राहिला आणि मग लोपला. नव्याने त्याला हरविले असावे, असा तर्क साहजिकच होता. तो पडताळण्यासाठी संशोधकांनी लोप होण्यापूर्वी गोठविलेल्या नमुन्यांपासून अनेक चंबू नव्याने सुरू केले. त्यांत जुना वंश टिकून राहिला. तेव्हा त्याच्या अंताचे कारण स्पर्धेत नव्हे, तर त्या एका चंबूत कधीतरी घडलेल्या एखाद्या आकस्मिक घटनेत असावे, असे अनुमान २०१५ साली त्यांनी मांडले.