दिसतो पोकर, पण पैसा लागत नाही: 'बलाट्रो' हा गेम नेमका आहे काय?

गणपतीला मुंबईचे चाकरमानी महाड-पोलादपूरला गावी आले, की आरतीनंतर पत्त्यांचे डाव बसतात. अशा डावात पाचवा राजा निघाला, तर भांडण ठरलेलं. 'बलाट्रो'मध्ये मात्र पाच राजे जमवणं हीच हुशारी आहे.

गेम कुणाचा?

कॅनडातल्या 'लोकलथंक' या टोपणनावाच्या डेव्हलपरने तो जवळपास एकट्याने बनवला. २० फेब्रुवारी २०२४ ला आला आणि महिन्याभरात १० लाख प्रती खपल्या. सप्टेंबरमध्ये मोबाइलवर आला आणि वर्षअखेर 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तीन पुरस्कार घेऊन गेला.

खेळायचा कसा?

हातात ८ पत्ते येतात. त्यातले जास्तीत जास्त ५ टाकून जोडी, कलर असं काहीतरी जुळवायचं आणि ठरलेले गुण गाठायचे. पहिलं लक्ष्य ३००, दुसरं ४५०. त्यासाठी चाली फक्त ४.

आता गणित बघा. राजांच्या जोडीचे गुण ३०, गुणिले २, म्हणजे ६०. चारही चालींत अशीच जोडी टाकली तरी २४०च. पण मधल्या दुकानातून साधा जोकर घेतला, तर गुणकात ४ ची भर पडते. ३० गुणिले ६, म्हणजे १८०. तीन चालींत ५४०, काम फत्ते!

असे १५० जोकर आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. नको ते पत्ते काढून, हवे ते घालून कॅट स्वतः घडवायचा, म्हणून हा 'डेकबिल्डर'. हरलात की पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी दुकानातला माल वेगळा, म्हणून 'रोगलाइक'. हे नाव १९८० च्या 'रोग' या गेमवरून आलं.

मग हा जुगार आहे का?

ऑनलाइन रमीत पैसे घालवलेलं कुणी ओळखीत असेल, तर मोबाइलवर पत्ते दिसले की घरच्यांच्या पोटात गोळा येणारच. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींनी मंजुरी दिलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालतो, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. बलाट्रोमध्ये खरा पैसा लावताही येत नाही आणि जिंकताही येत नाही. गेम एकदाच विकत घ्यायचा, बस्स.

युरोपातल्या 'पेगी' या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेचाही गोंधळ झाला होता. पोकरचे हात दिसतात म्हणून तिने गेमला १८+ ठरवलं. अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ते १२+ केलं.

खेळावा का?

नक्की. इंटरनेट नसलं तरी चालतो, त्यामुळे घाटात रेंज गेली तरी डाव मोडत नाही. खिशाला धोका नाही, झोपेला आहे. 'आणखी एकच डाव' म्हणता म्हणता पहाट होते. फक्त इथे सकाळी कुणाचं देणं उरत नाही.