सारंगीवाला खेकडा

वैजापूरकरांना खेकडा ठाऊक आहे तो गोदाकाठचा व ओढ्यातला. उरणच्या खाड्यांत ओहोटीला चिखलावर जो दिसतो, तो निराळा. इंग्रजीत त्याला फिडलर, म्हणजे सारंगीवाला म्हणतात. शास्त्रीय नाव ऑस्ट्रुका ॲन्युलिपीस. नराची एक नांगी देहाच्या मानाने अवाढव्य. ती हालवून तो माद्यांना बोलावतो व इतर नरांना धाक घालतो. खाण्याच्या कामी मात्र ती कुचकामी! धाकट्या नांगीनेच चिखल उचलून त्यातील सूक्ष्म शेवाळ खावयाचे आणि उरलेल्या चिखलाच्या गोळ्या टाकावयाच्या. मादीच्या दोन्ही नांग्या धाकट्या, म्हणून ती दोहों हातांनी जेवते.

मोठी नांगी तुटली तर नवी फुटते. पण ती हलकी व कमजोर असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की हा फरक ना माद्यांना ओळखता येतो, ना प्रतिस्पर्ध्यांना. सोंग खपते, प्रत्यक्ष झुंज जुंपली तरच पंचाईत.

भरतीपूर्वी तो बिळात शिरून तोंड चिखलाने बुजवितो. याच बिळांवाटे तिवरांच्या मुळांशी हवा पोचते. उरणला बंदर व वसाहतींसाठी पुष्कळ पाणथळ जागांवर भराव पडला आहे. भरावावर भरतीचे पाणी चढत नाही, आणि त्या पाण्यावाचून या खेकड्याला अन्नही नाही व ओले बीळही नाही.