शाहीर राम जोशी

सोलापूरचे नाव काढिले की परगावच्या माणसास चादरी आठवतात. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्याच गावाने महाराष्ट्रास एक थोर शाहीर दिला, ह्याचे आम्हांस स्मरण असावे.

राम जोशी यांचा जन्म विद्वान ब्राह्मण कुळात झाला. वडील बंधू मुद्गल जोशी शास्त्रसंपन्न. धाकट्यास मात्र तमाशाचा नाद. अखेर बंधूंनी त्यांस घराबाहेर काढिले. तेव्हा ते पंढरपुरास गेले आणि तेथे त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. पुढे ते कीर्तने करू लागले. मोरोपंतांच्या आर्या पोथीतून सामान्य जनांच्या कानी पोहोचल्या, त्याचे पुष्कळसे श्रेय ह्या कीर्तनांस आहे.

तथापि डफ-तुणतुण्याची ओढ काही सुटली नाही. पंढरपुरी मिळविलेली विद्या त्यांनी लावणीतच ओतली. यमक, अनुप्रास व श्लेष यांनी त्यांची रचना नटली. शृंगाराबरोबर वैराग्यही तीत आले. काही लावण्या तर त्यांनी संस्कृतात रचिल्या! ज्या गाण्यापायी घर सुटले, त्याच गाण्याने त्यांस अमर केले. 1947 साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपटही त्यांच्यावर निघाला.

मुलाचा ओढा पाहून रागावणाऱ्या पालकांनी हे चरित्र अवश्य वाचावे. विद्यार्थ्यांनी मात्र एवढे विसरू नये की, नुसत्या नादाने राम जोशी घडले नाहीत. पंढरपूरचे अध्ययन त्यामागे होते.