वजन तेवढंच, पण पँट सैल? अभिनंदन!

काल जिममध्ये एक काका वैतागून म्हणाले, "दोन महिने घाम गाळतोय, वजन जैसे थे!" मी विचारलं, "आणि पट्टा?" म्हणाले, "तो एक भोक आत गेलाय."

म्हणजे चरबी घटतेय आणि स्नायू वाढताहेत. वजनकाट्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

हे एकाच वेळी होऊ शकतं. ऊर्जा साठलेल्या चरबीतून मिळते, स्नायूंसाठी लागणारी प्रथिनं मात्र ताटातूनच यावी लागतात.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ चा प्रयोग बघा. जादा वजनाच्या तरुणांच्या कॅलरी ४० टक्के कमी केल्या आणि चार आठवडे कसून व्यायाम करून घेतला. वजनाच्या दर किलोमागे रोज २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची चरबी सरासरी ४.८ किलो घटली, चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलं. निम्मी प्रथिनं घेणाऱ्यांचं ते जेमतेम टिकलं.

आपल्याला इतकी उपासमार नको.

▪️ रोज ३००-५०० कॅलरी कमी
▪️ किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं
▪️ आठवड्यातून तीनदा वजनं, हळूहळू भार वाढवत
▪️ सात-आठ तास झोप

एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, तर ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. नुसत्या वरणभातावर हिशेब जुळत नाही.

नवशिक्यांना आणि खंडानंतर परतणाऱ्यांना फरक लवकर दिसतो. मुरलेल्यांना वेळ लागतो.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकी शंका कमेंटमध्ये टाका, जमेल तशी उत्तरं देतो.