पापक्षमा, ख्रिस्ती

पापामुळे मनुष्याचे परमेश्वराशी तुटलेले नाते परमेश्वराने आपल्या कृपेने पुन्हा जोडणे, यास ख्रिस्ती धर्मात पापक्षमा म्हणतात. नव्या करारातील ‘हामार्तिया’ या पापवाचक ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणे असा असून ‘आफेसिस’ या क्षमावाचक शब्दाचा अर्थ बंधनातून वा ऋणातून सोडणे असा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत पापास ऋणच म्हटले आहे. क्षमा मागणाऱ्याने आपल्या अपराध्यांनाही क्षमा केलेली असावी, अशी अपेक्षा तीत व्यक्त होते.

क्षमा म्हणजे पापाकडे काणाडोळा करणे नव्हे. ऋण सोडणाऱ्यास तोटा स्वतः सोसावा लागतो. त्याप्रमाणे मानवाच्या पापाचा भार येशू ख्रिस्ताने क्रुसावरील मरणाने स्वतःवर घेतला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. साहजिकच क्षमा पुण्याच्या बदल्यात मिळत नाही. ती दान म्हणून मिळते. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात मुलगा क्षमायाचना करण्यापूर्वीच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. तथापि हे दान स्वीकारण्यासाठी पश्चात्ताप, म्हणजे पापापासून मागे वळणे, आवश्यक असते.

ही क्षमा मनुष्यापर्यंत कशी पोहोचते, याविषयी पंथभेद आहेत. बाप्तिस्म्याने पूर्वीच्या पापांची क्षमा होते आणि त्यानंतरच्या गंभीर पापांसाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, असे रोमन कॅथलिक पंथ मानतो. पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे पापनिवेदन, धर्मगुरूने उच्चारलेले पापमोचन आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त ही या संस्काराची अंगे होत. निवेदन गुप्त राखणे धर्मगुरूवर बंधनकारक असते. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये केला. क्षमा झालेल्या पापाचा उरलेला दंड माफ करणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये आवाज उठविला. मनुष्य केवळ श्रद्धेने, कृपेमुळे नीतिमान ठरतो, असे प्रतिपादन त्यांनी केले. प्रॉटेस्टंट पंथांत त्यामुळे परमेश्वरापुढील थेट कबुलीवर भर आला.

महाराष्ट्रात हा विचार कर्मसिद्धांताच्या पार्श्वभूमीवर आला. केलेल्या कर्माचे फळ भोगलेच पाहिजे हे तत्त्व, पापनिष्कृतीसाठी धर्मशास्त्राने सांगितलेली प्रायश्चित्ते आणि ईश्वरकृपेने पाप नाहीसे होते ही संतांची श्रद्धा, या तिन्ही धारणा मराठी मनास परिचित होत्या. फादर स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण (१६१६) या ओवीबद्ध ग्रंथात तारणाची कथा पुराणाच्या वळणाने मांडली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण या बाबतीत विशेष बोलके आहे. त्यांचे बालपण मातापित्यांसमवेत तीर्थयात्रा व व्रते करण्यात गेले. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे सुमारे आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. धर्मस्वीकार आणि क्षमेचा अनुभव यांतील अंतर येथे स्पष्ट होते. त्यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या धार्मिक जागृतीत अनेक मुलींनी अश्रू ढाळीत पापांची उघड कबुली दिली.

क्षमेने अपराधाची ऐहिक जबाबदारी संपत नाही. लूककृत शुभवर्तमानातील जकातदार जक्कय हा फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. ओडिशातील मनोहरपूर येथे १९९९ साली ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांचे दोन मुलगे यांना जमावाने जिवंत जाळले. ग्रॅहॅम यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. न्यायालयीन खटला मात्र चालू राहिला व मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा द्वेषाचे बंधन तोडते, तर न्याय समाजाचे रक्षण करतो. ख्रिस्ती नीतिविचारात ही दोन्ही कार्ये परस्परविरोधी मानली जात नाहीत.